एका शब्दाशी पडलेली गाठ

सहामाहीचे पेपर दिवाळीच्या सुट्टीत तपासायचे, ही शिक्षकांच्या घरातली जुनी रीत. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चाललेला आणि बाहेर जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. १९९९ सालच्या दिवाळीत असाच नववीच्या इंग्रजीचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी बसले होते. गिरणगावातली मराठी शाळा. निबंधाला तीन विषय दिले होते. त्यांतला एक होता ‘अ चान्स एन्काउंटर’. म्हणजे अकस्मात पडलेली गाठ. गाडीत, बाजारात, जत्रेत कोणीतरी ध्यानीमनी नसताना भेटले, त्याची हकिगत मुलांनी लिहावी, अशी माझी अपेक्षा. विषय सोपा, मुलांना लिहायला भरपूर वाव, म्हणून मीच तो काढला होता.

पहिला पेपर उघडला. पोलिसांची जीप आली, गुंड पळाला, गोळी सुटली, गुंड मेला. दुसरा उघडला. पुन्हा जीप, पुन्हा गोळी. तिसऱ्यात गुंडांची संख्या वाढली होती, एवढाच फरक. गठ्ठा संपला तेव्हा लक्षात आले, की हा विषय घेतलेल्या मुलांपैकी चार-पाच सोडली तर सगळ्यांनी पोलिसांच्या गोळीबारावर निबंध लिहिला आहे. मला हसू आले. चकल्या पाडणाऱ्या सासूबाईंना मी एक-दोन निबंधांचे मराठी करून ऐकवले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मग पोरांनी चुकीचं काय लिहिलंय? पेपरात तर रोज तसंच येतं.’’

एका मुलाने मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्यांचा अर्थ असा: आमच्याकडे रविवारी पाहुणे येणार होते. मामा मटण आणायला गेला. मग एन्काउंटर झाला. मटण आले नाही.

निबंध दहा गुणांचा. मी लाल शाईने दोन गुण दिले आणि शेरा मारला, ‘विषयाला सोडून. शब्दाचा अर्थ पाहावा.’ पुढचा पेपर उघडला.

सुट्टी संपल्यावर वर्गात मी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि एक अख्खा तास त्यावर घालवला. शिक्षकाला असा तास फार आवडतो. मुले चुकलेली असतात आणि आपण बरोबर असतो.

अचानक भेटीसाठी इंग्रजीत शब्दांची कमतरता नाही. ओळखीचा माणूस रस्त्यात अवचित समोर आला, तर इंग्रज म्हणतो, मी त्याच्यावर ‘आदळलो’ किंवा ‘धावत जाऊन धडकलो’. ‘बम्प इन्टू’ आणि ‘रन इन्टू’ यांचा शब्दशः अर्थ तसाच. पण धक्का कोणालाच लागलेला नसतो. एखादे जुने पुस्तक, फोटो किंवा एखादा माणूस शोधत नसताना हाती लागला, तर ‘कम अक्रॉस’. ठरवून किंवा न ठरवता, साध्या भेटीला ‘मीट’. ‘एन्काउंटर’ हा या कुटुंबातला थोरला, काहीसा ताठ सदस्य. तो अडचणींना चालतो, विरोधाला चालतो, जंगलात समोर आलेल्या अस्वलाला चालतो, अनोळखी माणसाच्या अकल्पित भेटीला चालतो. पण मैत्रिणीला जर कोणी म्हणाले, की ‘काल मी तुला बाजारात एन्काउंटर केले’, तर ती बिचारी दचकेल. त्या शब्दात अनोळखीपणाची, थोड्या धोक्याची छटा आहे. समोर कोण येणार, पुढे काय होणार, हे आधी ठाऊक नसते. म्हणूनच त्याच्यामागे ‘चान्स’ हा शब्द सहज येऊन बसतो.

हे सगळे मी शिकवले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. ‘एन्काउंटर म्हणजे अचानक झालेली भेट.’ खाली रेघ मारली. विषय संपला, असे मला वाटले.

तो संपला नव्हता. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि शब्दांच्या मुळांशी जाण्याची हौस भागवताना याही शब्दाचे मूळ पाहिले, तेव्हा थोडी चपापलेच. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘कॉन्त्रा’ बसलेला आहे. कॉन्त्रा म्हणजे विरुद्ध, समोरासमोर. सुमारे सातशे वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत आला तो शत्रूशी गाठ पडणे, झुंज होणे या अर्थाने. गुण्यागोविंदाची भेट हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. शेक्सपिअरच्या काळापर्यंत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले होते. त्याच्या नाटकांत हा शब्द सैन्यांनाही लागतो आणि प्रेमिकांनाही. तेव्हा माझ्या नववीच्या मुलांनी शब्दाला अगदीच परका अर्थ दिला होता, असे म्हणता येत नाही. त्यांनी नकळत त्याचा जन्माचा अर्थ लिहिला होता.

पण गोष्ट इथेही थांबत नाही. या शब्दाचा एक सख्खा भाऊ होता, ‘रेनकाउंटर’. आता तो इंग्रजीत जवळजवळ वापरात नाही. फ्रेंचमध्ये मात्र ‘राँकोंत्र’ म्हणून तो भेटीसाठी सर्रास वापरला जातो. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या सरदार मंडळींना द्वंद्वयुद्धाचे भारी वेड. अपमान झाला, की आव्हान द्यायचे, दिवस आणि जागा ठरवायची, साक्षीदार न्यायचे आणि तलवारी उपसायच्या. राजे आणि न्यायालये याविरुद्ध होती. थंड डोक्याने ठरवून केलेल्या द्वंद्वात माणूस मेला, तर इंग्लंडच्या कायद्याने तो सरळ खून. पण दोघांची अचानक गाठ पडली, शब्दाने शब्द वाढला, रक्त तापले आणि त्या भरात एक जण मारला गेला, तर तो सदोष मनुष्यवध, खुनाहून कमी गुन्हा. मग वकिलांनी आणि सरदारांनी वाट शोधली. ठरवून झालेल्या लढतीलासुद्धा ‘रेनकाउंटर’ म्हणायचे. आम्ही कुठे ठरवले होते? सहज गाठ पडली, आणि झाले.

इंग्रज कवी बायरन याचे चुलत आजोबा, पाचवे लॉर्ड बायरन, यांचे प्रकरण प्रसिद्ध आहे. १७६५ सालच्या जानेवारीत लंडनमधल्या एका खानावळीत शेजारच्या जहागिरीतल्या विल्यम चॅवर्थ या नातलगाशी त्यांचा वाद झाला. वाद कशावरून, तर शिकारीचे पशुपक्षी कोणाच्या रानात जास्त आहेत यावरून. थोड्या वेळाने दोघे एका मेणबत्तीच्या उजेडातल्या खोलीत गेले, तलवारी निघाल्या आणि चॅवर्थ जबर जखमी होऊन दुसऱ्या दिवशी मरण पावला. उमरावांच्या सभेने बायरनसाहेबांना खुनाच्या आरोपातून मोकळे केले, सदोष मनुष्यवधाचा दोष दिला आणि उमरावाच्या खास हक्कामुळे किरकोळ रक्कम भरून ते घरी गेले.

खोलीत काय घडले ते पाहायला तिसरा कोणी नव्हता. जो जगला, त्याचीच हकिगत उरली. हे वाक्य वाचकांनी थोडे लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

विसाव्या शतकात मात्र या शब्दाला चांगले दिवस आले. १९४५ साली डेव्हिड लीनचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ हा चित्रपट आला. रेल्वे स्टेशनवरच्या उपाहारगृहाजवळ एका संसारी बाईच्या डोळ्यात गाडीबरोबर उडालेला कण जातो आणि तिथे असलेला एक डॉक्टर तो काढून देतो. एवढीच भेट. पण दर गुरुवारी दोघे भेटू लागतात, जीव गुंततो, आणि शेवटी दोघेही आपापल्या घरी परततात. त्यातली स्टेशनची बरीच दृश्ये उत्तर इंग्लंडमधल्या कार्नफर्थ स्थानकावर चित्रित झाली. डोळ्यात कण गेला नसता तर काहीच घडले नसते. ‘एन्काउंटर’ या शब्दाची सगळी हळवी बाजू त्या कणात आहे.

पुढे १९७२ साली जे. ॲलन हायनेक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने उडत्या तबकड्या पाहिल्याच्या वृत्तांतांची वर्गवारी करताना हाच शब्द घेतला. तबकडी जवळून दिसली, तर पहिल्या प्रकारचे एन्काउंटर; तिच्या जमिनीवर काही खुणा राहिल्या, तर दुसऱ्या; आणि तिच्यातले जीव दिसले, तर तिसऱ्या प्रकारचे. त्यावरून स्टीव्हन स्पीलबर्गने १९७७ साली ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ हा चित्रपट केला. त्यात भारतातले एक दृश्य आहे. मोठा जमाव एक सुरावट गात बसला आहे आणि ‘हे सूर कुठून आले?’ असे विचारताच शेकडो हात एकदम आभाळाकडे जातात. चित्रपटात ते ठिकाण उत्तर भारतातले म्हणून दाखवले असले, तरी चित्रीकरण झाले आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावी. सर्वस्वी अनोळखी जिवांची भेट, आणि ती शस्त्राने नव्हे तर सुरांनी व्हावी, ही कल्पना. ‘विरुद्ध’ या मुळापासून निघालेला शब्द ‘ओळख करून घ्यावी’ इथपर्यंत पोचला होता.

आणि त्याच सुमारास आपल्याकडे तो उलट दिशेने निघाला.

मुंबईच्या बाबतीत नेहमी ११ जानेवारी १९८२ या तारखेचा उल्लेख होतो. वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. तो तिथे येणार, ही खबर पोलिसांना आधी होती आणि साध्या कपड्यांतले पोलीस दबा धरून होते. मुंबई पोलिसांची ही पहिली चकमक, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्यानंतर आठवड्याभरात, १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावच्या घराघरांतल्या चुली थंडावू लागल्या. पुढच्या वर्षांत बेकार पोरे टोळ्यांकडे गेली, टोळ्या माजल्या, खंडणीचे फोन सामान्य दुकानदारालाही येऊ लागले. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी लोखंडवाला संकुलात भर दिवसा काही तास गोळीबार चालला आणि सात जण मारले गेले. ‘चकमकीत दोघे ठार’ हा मथळा चहाच्या कपाइतका सवयीचा झाला. २००४ साली आलेल्या ‘अब तक छप्पन’ या हिंदी चित्रपटाचे नावच मुळी नायकाने केलेल्या एन्काउंटरांचा आकडा होते.

त्या काळात आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतून या बातम्यांचे स्वागत होत असे, हेही खरे सांगायला हवे. ‘बरं झालं, एक घाण गेली’ असे मी स्वतः म्हटले आहे. ओळखीतल्या एका कापड दुकानदाराला धमकीचे फोन येत होते आणि तो रात्री झोपत नव्हता. खटला वर्षानुवर्षे चालणार, साक्षीदार फुटणार, गुंड जामिनावर सुटणार, हे सगळ्यांनी पाहिलेले. भीती खोटी नव्हती. मात्र त्या भीतीने आपल्या भाषेत काय केले, तेवढे मी पाहू शकते, कारण तेच माझे काम होते.

व्याकरणाच्या शिक्षिकेला क्रियापद आधी दिसते. गाठ ‘पडते’. भेट ‘होते’. योग ‘येतो’. आपल्या मराठीत अकस्मात घडणाऱ्या गोष्टींना कर्ता नसतो; त्या घडतात. आधी वर्तमानपत्रांतही ‘चकमक झाली’, ‘चकमक उडाली’ असेच छापून येई. हळूहळू बोलण्यात आले, ‘त्याचा एन्काउंटर झाला.’ मग आले, ‘त्याचा एन्काउंटर केला.’ आणि आता रागावलेली माणसे सरळ म्हणतात, ‘करून टाका एन्काउंटर.’ जी गोष्ट घडते, ती करता कशी येईल? अचानक भेट ‘करून टाकता’ येते काय? ज्या दिवशी आपण त्या शब्दाला ‘केला’ जोडले, त्या दिवशी त्यातला योगायोग संपला. उरला तो बेत.

दुसरी गोष्ट विभक्तीची. गाठ कोणा‘शी’ पडते. चकमक कोणा‘शी’ होते. त्या ‘शी’मुळे वाक्यात दोन माणसे राहतात. ‘त्याचा एन्काउंटर’ म्हटले, की एकच उरतो, आणि तोही मेलेला. समोरचा माणूस वाक्यातून निघून जातो.

तसे पाहिले तर आपले स्वतःचे शब्द इंग्रजीपेक्षा कमी धारदार नाहीत. ‘गाठ’ हाच शब्द घ्या. ‘बऱ्याच दिवसांनी गाठ पडली’ यात जिव्हाळा आहे; ‘लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे’ यात धमकी आहे; आणि लग्नाची गाठ तर स्वर्गात बांधतात म्हणे. ‘सामना’ शब्दातही समोरासमोर येणे आणि झुंजणे दोन्ही आले. जब्बार पटेल यांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ आठवा. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. कुठून तरी भटकत आलेला एक मास्तर आणि गावचा साखरसम्राट यांची सहज गाठ पडते, आणि त्या गाठीतून एका नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा प्रश्न उभा राहतो. बंदूक नसलेला माणूस निव्वळ प्रश्न विचारून सामना करतो.

आणि ‘चकमक’. काडेपेटी घरोघर येण्यापूर्वी आपले पूर्वज विस्तव कसा करत? गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटत. त्या सरंजामाला चकमक म्हणत. हा शब्द तुर्कीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्यातली मेख अशी, की ठिणगी पडायला दोन वस्तू लागतात. नुसत्या पोलादाने विस्तव होत नाही. म्हणजे ‘चकमक’ म्हणायचे तर दोन्ही बाजूंनी काहीतरी आदळले पाहिजे. एकाच बाजूने गोळ्या सुटल्या असतील, तर त्याला दुसरे कोणतेही नाव द्यावे. ती चकमक नव्हे.

गंमत म्हणजे, आपल्या कायद्यात ‘एन्काउंटर’ नावाची वेगळी सवलत नाही. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत खुनाच्या व्याख्येला काही अपवाद होते. त्यांतला एक म्हणजे पूर्वविचार नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात आणि गैरफायदा न घेता झालेला मृत्यू. लॉर्ड बायरनच्या काळची तीच जुनी कल्पना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद कायम आहे. पोलिसांनाही इतरांप्रमाणे स्वसंरक्षणाचा हक्क आहे. म्हणून प्रश्न एवढाच, की खरोखर जिवावर बेतले होते का? आणि ते ठरवायचे कोणी? खोलीतून जिवंत बाहेर आलेल्यानेच? १९९७ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्यांना सांगितले, की अशा मृत्यूंची नोंद आणि चौकशी झालीच पाहिजे. सप्टेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सोळा सूचना घालून दिल्या. गुन्हा नोंदवावा, तपास त्याच ठाण्याच्या पोलिसांनी करू नये, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, मृताच्या जवळच्या नातलगांना लवकरात लवकर कळवावे, घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्याचे बक्षीस देऊ नये. २००६ साली वर्सोव्यात झालेल्या एका ‘चकमकी’चा खटला तर शेवटपर्यंत चालला. २०१३ साली सत्र न्यायालयाने पोलिसांना जन्मठेप सुनावली आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही ती चकमक बनावट होती, असेच ठरवले. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे ‘रेनकाउंटर’ आणि आपले ‘एन्काउंटर’, दोन्हींत न्यायालयापुढचा सवाल एकच होता. गाठ पडली होती, की घातली होती?

खऱ्या गाठीही पडतात, आणि त्या पोलिसांनी जिवाची बाजी लावून निभावल्या आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांची गाठ अजमल कसाबशी पडली. ओंबळे यांच्या हाती काठी होती, समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि प्राण सोडला. पण सहकाऱ्यांना कसाब जिवंत सापडला. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, साऱ्या जगाने पुरावा ऐकला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कसाब त्या रात्रीच मेला असता, तर कोणाला वाईट वाटले असते? तरी तो जिवंत राहिला म्हणूनच त्याच्या तोंडून कट बाहेर आला. चकमक हा शब्द कोणासाठी राखून ठेवायचा असेल, तर तो अशा माणसासाठी.

आता त्या चार ओळींकडे येते.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. दादर स्टेशनच्या पुलावर मी कठड्याला टेकून दम घेत होते. हातात भाजीची पिशवी, छत्री, गुडघे बोलू लागलेले. मागून आवाज आला, ‘‘बाई, पिशवी द्या इकडे.’’ वळून पाहिले, तर चाळिशीला आलेला, खांद्यावर हत्यारांची बॅग असलेला एक गृहस्थ. ‘‘ओळखलं नाहीत ना? नववी ब. तुम्ही मला दहात दोन दिले होते.’’

दहात दोन मी पुष्कळांना दिले होते. मी हसून तसे म्हटले. तोही हसला. मग म्हणाला, ‘‘निबंधात. चार ओळींच्या.’’

पुलावरची गर्दी दोन्ही बाजूंनी चालली होती. तो लिफ्टच्या दुरुस्तीची कामे करतो, दोन मुली आहेत, थोरली नववीत आहे, हे त्याने आधी सांगितले. मग मीच विचारले. तो मामा खरा होता. त्या रविवारी सकाळी मटण आणायला बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचे नाव आले, मध्ये ‘उर्फ’ घालून. ‘‘मामा सज्जन होता असं मी म्हणत नाही, बाई. त्याच्यावर केसेस होत्या. पण आमच्याकडे तो उर्फ नव्हता. मला सायकल त्याने शिकवली.’’

मी काय बोलणार? म्हटले, ‘‘तू तेव्हा सांगायचंस.’’

‘‘काय सांगणार? तुम्ही फळ्यावर लिहून दिलंत, एन्काउंटर म्हणजे अचानक झालेली भेट. मी घरी जाऊन आईला वहीत दाखवलं. म्हटलं, आई, पुस्तकात याचा अर्थ भेट असा आहे. ती म्हणाली, भेट? मग आमची भेट का नाही होऊ दिली?’’

त्याच्या आईला भावाचा चेहरा पाहायला मिळाला तो दोन दिवसांनी, तोही शवागारात, बांधून ठेवलेला.

तो हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. गेली कित्येक वर्षे बरोबर बाळगलेली वस्तू सहज दाखवावी, तसे सांगत होता. शब्दाचा अर्थ मी त्याला पाहायला सांगितला होता आणि तो त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. मी त्याची क्षमा मागितली. तो एकदम ओशाळला आणि म्हणाला, ‘‘काहीतरीच काय, बाई. इंग्रजी तर माझं कच्चंच होतं.’’

माझी पिशवी त्याने टॅक्सीपर्यंत आणून दिली. मुलीच्या इंग्रजीसाठी कधी घरी घेऊन ये, असे मी म्हटले, तेव्हा त्याने फोन नंबर लिहून घेतला. पावसाची सर वाढली होती. ‘‘येतो बाई,’’ म्हणाला आणि गर्दीत मिसळला.

निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पुन्हा गाठ पडावी, एवढीच त्यात इच्छा असते. त्या रविवारी मटण आणायला निघालेला त्याचा मामाही उंबऱ्यावरून ‘येतो’ असेच म्हणाला असेल.